आपोआप उघडणारे दरवाजे

बंगळूरला मुलीकडे गेलो की चौथ्या दिवशी मला करमत नाही. जावई-मुलगी सकाळी कामावर जातात, नातू शाळेत जातो आणि अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांना चहा विचारत बसतो. 2025 च्या सप्टेंबरात असेच झाले. लातूर रोडला गाडीत बसलो, यशवंतपूरला उतरलो, तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी जावयाने विचारले, "बाबा, नंदी हिल्सला जायचं का? सगळे जातात." मी म्हटले, डोंगर आमच्या वडवळच्या बेटावर पाहिलाय. त्याच रस्त्यावर मुद्देनहळ्ळी लागते ना, तिथे ने.

मुद्देनहळ्ळी हे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे गाव. चिक्कबळ्ळापूरजवळ, बंगळूरहून साठेक किलोमीटरवर. तेथे त्यांचे जुने घर जतन करून ठेवले आहे आणि त्यातच छोटेखानी संग्रहालय आहे. शेजारी त्यांची समाधी. गाडी लावून आत शिरलो तेव्हा एका शाळेची मुले दोन रांगांत उभी होती. बाई काही सांगत होत्या, मुले चपलांकडे पाहत होती. लहानपणी आम्हीही थोरांच्या घरी असेच उभे राहिलो आहोत.

घर साधे आहे. त्यांची बसण्याची खोली, चष्मा, कप, पुस्तके, सन्मानांची छायाचित्रे. कृष्णराजसागर धरणाची प्रतिकृती. आणि एका ठिकाणी ठेवलेला, सहज नजर चुकवून जाईल असा एक छपाईचा ब्लॉक. त्यावरून त्यांची भेटकार्डे छापली जात. 1955 साली भारतरत्न झालेल्या माणसाच्या वस्तूंत मी सर्वांत जास्त वेळ त्या ब्लॉकपुढे उभा राहिलो. जावयाला वाटले, सासरे थकले. खरे कारण निराळे होते. 'ब्लॉक' या शब्दाशी माझा जुना हिशेब आहे. त्याकडे येतो.

विश्वेश्वरय्यांना आपण म्हैसूरचे दिवाण म्हणून ओळखतो. 15 सप्टेंबरला अभियंता दिन असतो तेव्हा त्यांच्या पगडीच्या छायाचित्राला हार घातला जातो. पण हा माणूस घडला तो मराठी मुलखात, हे आपण विसरलो आहोत. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते 1883 साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. पुढच्या वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. पहिली नेमणूक नाशिकला. मग खानदेश, मग सिंधमधील सक्कर, मग पुणे. जवळजवळ पाव शतक त्यांची चाकरी याच इलाख्यात झाली. आणि ज्या शोधाचे पेटंट त्यांच्या नावावर आहे, तो शोध लागला खडकवासल्याला.

प्रश्न साधा होता. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासल्याच्या तलावात दर पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून सहा-आठ फूट उंच वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. सांडव्याची भिंत उंच करावी तर पुराच्या वेळी साऱ्या धरणावर ताण येणार. विश्वेश्वरय्यांनी भिंत उंच केली नाही, भिंतीवर दरवाजे बसवले. हे दरवाजे साखळ्यांनी वजनांना जोडलेले होते. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढेपर्यंत दरवाजे बंद. त्याच्या वर चढले की ते एका हौदात शिरे, तेथल्या वजनाचा तोल बदले आणि दरवाजे आपोआप उघडत. पातळी उतरली, हौद रिता झाला, की दरवाजे पुन्हा बंद. माणूस नको, इंजिन नको, रात्री दोन वाजता कुणाला उठवणे नको. 1903 साली हे दरवाजे बसले आणि धरणाची भिंत न वाढवता साठा सुमारे पाव हिश्शाने वाढला. तसेच दरवाजे पुढे ग्वाल्हेरजवळ तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर बसले. सरकारी नोकरीत असताना केलेले काम म्हणून त्यांनी त्यावर मानधन घेतले नाही, असे सांगतात. (सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची मेणबत्ती लावल्याचीही एक गोष्ट त्यांच्याविषयी सांगतात. अशा गोष्टी बहुतेक सगळ्याच सज्जनांच्या नावावर असतात, त्यामुळे मी ती बाजूला ठेवतो.)

खडकवासल्याच्या त्या भिंतीचे पुढे काय झाले हे पुणेकरांना सांगायला नको. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडले. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. एप्रिल 1962 मध्ये ते गेले. आपल्या शताब्दीचे टपाल तिकीट पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले तसेच हेही ऐकणे त्यांच्या वाट्याला आले.

आता ब्लॉककडे येतो.

दरवाज्यांच्याच त्या वर्षांत त्यांच्याकडे दख्खनच्या कालव्यांचे काम आले, त्यात निरा कालवा मुख्य. कालव्याचे पाणी त्या काळी मागेल त्याला मिळे. मागण्याची ताकद ज्याच्याकडे, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी ज्याची जमीन आणि गाठीला ज्याच्या पैसा, तो वर्षभर ऊस लावी. पाणी मोजून देण्याची पद्धत नसल्याने तो मनसोक्त पाजी. तोंडाशी जमीन चिबड होई, डास होत, हिवताप येई, आणि शेपटाकडच्या गावाला कालवा म्हणजे बैल धुण्याची कोरडी चर होई. विश्वेश्वरय्यांनी योजना मांडली ती अशी : कालव्याच्या सबंध लांबीवर, गावागणिक, जमिनीचे ब्लॉक पाडायचे. प्रत्येक ब्लॉकमध्ये पिकांची फेरपालट ठरवायची. उसाला साधारण तिसरा हिस्सा, बाकी जमिनीवर कमी पाण्याची पिके. त्या बदल्यात ब्लॉकमधल्या शेतकऱ्याला ठरावीक वर्षे पाण्याची हमी. म्हणजे पाणी तेवढेच, पण ते चार बागायतदारांऐवजी चाळीस गावांत पोचणार. शेतकऱ्यांनी आधी कडाडून विरोध केला. ज्यांचे जाणार होते त्यांनी केला हे ठीकच, पण ज्यांना मिळणार होते त्यांनीही केला. मग हे साहेब त्यांच्यात जाऊन बसले, बोलले, पद्धत सुरू झाली.

मला या योजनेत सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. दरवाज्याचा शोध लोखंडाचा होता, साखळीचा होता, तो दिसतो. त्याची प्रतिकृती करून काचेत ठेवता येते. ब्लॉकचा शोध वाटपाचा होता. तो काचेत ठेवता येत नाही. आणि जो काचेत ठेवता येत नाही, त्याला आपण शोध म्हणत नाही.

या शब्दाशी माझा हिशेब कसा, ते सांगतो. मी आयुष्यभर बँकेत अधिकारी होतो. त्यातली सात वर्षे एका कालव्याच्या लाभक्षेत्रातील शाखेत काढली. बँकेचे आणि गावाचे नाव सांगत नाही, कारण जे तेथे झाले ते सगळीकडेच होत होते. पीककर्जाचा हंगाम आला की आमच्यापुढे दोन प्रकारचे अर्ज पडत. एक उसाचा. उसाला एकरी कर्जाचा दर सर्वांत जास्त, आणि वसुलीची काळजी नाही, कारण कारखाना बिलातून पैसे कापून थेट बँकेत भरणार. दुसरा अर्ज तूर, ज्वारी, सोयाबीनचा. दर कमी, पाऊस पडेल की नाही माहीत नाही, मोंढ्यात भाव मिळेल की नाही माहीत नाही, आणि पैसे हातात आल्यावर शेतकरी बँकेकडे फिरकेल की मुलीचे लग्न उरकेल हेही माहीत नाही. मार्चअखेर थकबाकीचा तक्ता वर पाठवायचा असे. शाखाधिकाऱ्याने कुठला अर्ज आधी काढावा?

मी उसाचे काढले. डोळे मिटून काढले. माझ्या शाखेची वसुली विभागात पहिल्या तीनांत आली, मला प्रशस्तिपत्र मिळाले, ते अजून कपाटात आहे. कालव्याच्या शेपटाकडचे एक गृहस्थ, वय तेव्हा साठीचे, विहिरीच्या कर्जाचे थकीत हप्ते घेऊन यायचे. सगळे नाही, जमतील तेवढे. एकदा ते काउंटरशी उभे राहून म्हणाले, "साहेब, वरच्या अंगाला तुम्ही पाणी पिणाऱ्याला कर्ज देता, आन् खालच्या अंगाला पाणी आटल्यालं म्हणून आमच्याकडून वसूल करता. हिशेब बराबर हाय तुमचा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी त्यांना चहा पाजला. हिशेब बरोबर होता, हे मला दहा वर्षांनी कळले.

कारण त्या कालव्यावरसुद्धा 'ब्लॉक' हा शब्द होता. विश्वेश्वरय्यांचा शब्द सरकारी दप्तरात टिकला, अर्थ मात्र उलटा झाला. 'साहेब, माझा ब्लॉक आहे' म्हणजे माझा उसाच्या पाण्याचा हक्क आहे. पाणी वाटण्यासाठी काढलेला शब्द पाणी अडवण्याचा परवाना होऊन बसला. हे एका दिवसात झाले नाही, एका पक्षाने केले नाही. साखर कारखाना ही ग्रामीण महाराष्ट्रात शाळा, दवाखाना, रस्ता, नोकरी आणि निवडणूक यांची आई आहे, आणि आईला उपाशी ठेवायला कोण सांगणार? आठमाही पाण्याचा विचार झाला, समिती झाली, धोरणही झाले. पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरावर न देता घरातील माणसांवर दिले, भूमिहीनालाही हक्क दिला आणि उसाला सरळ मनाई केली. त्यांचे कौतुक आपण भरपूर केले, अनुकरण अगदी थोडे. आजही राज्यातील पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यात निम्म्याहून मोठा, हे गणित तज्ज्ञ सांगतात, आपण मान हलवतो.

आमच्या लातूर जिल्ह्याने या गणिताची किंमत 2016 साली भरली. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. पाण्यासाठी 144 कलम, हे मी कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून काढले असते. 12 एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर चालून कृष्णेचे पाणी मांजराकाठी आले. फलाटावर लोकांनी गर्दी केली होती.

मी बँकेचा माणूस, सवयीने भागाकार केला. 2011 च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 82 हजार. डोई सव्वा लिटर पाणी. मग दुसरा भागाकार केला आणि तो अजून मनातून जात नाही. हेच पाच लाख लिटर पाणी एक एकर रानावर पसरले तर किती उंच उभे राहील? बारा सेंटिमीटर. अर्धी वीत. म्हणजे पाटाने एक एकर उसाला दिलेली एक पाळी, फार तर सव्वा. उसाला वर्षाकाठी अशा पंचवीस-तीस पाळ्या लागतात. पुढे गाड्या पन्नास वाघिणींच्या झाल्या, हे खरे. पण त्या पहिल्या गाडीला आपण हार घातले, तेव्हा आपण एका एकराच्या एका पाळीला हार घालत होतो.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धो धो पाऊस झाला, मांजरा भरले आणि चर्चा संपली.

मुद्देनहळ्ळीच्या त्या घरात हे सगळे मनात येत होते. तेथल्या देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी मोडक्या हिंदीत विचारले, "कहां से?" मी म्हटले, महाराष्ट्र, लातूर. ते म्हणाले, "अर्थक्वेक?" मी मान हलवली. आमचा जिल्हा जगाला 1993 च्या भूकंपाने माहीत आहे किंवा पाण्याच्या गाडीने. मी त्यांना सांगण्याचा प्रयत्न केला की तुमच्या साहेबांचा आमच्याशी दुसराही संबंध आहे. सप्टेंबर 1908 मध्ये हैदराबादला मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसे गेली. निजाम सरकारने 1909 साली विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी नुसती नदीकाठची भिंत बांधा असे सांगितले नाही, वर धरणे बांधा म्हणून सांगितले. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यातून झाले. पूर अडवायचा आणि तेच पाणी शहराला प्यायला द्यायचे, ही एकाच धरणाची दोन कामे. तेव्हा आमचे चाकूर निजामाच्याच राज्यात होते. पण राजधानीला जे मिळते ते चाकुराला मिळायला फार वर्षे लागतात, आणि धरण आले तरी त्याचे तोंड कुणीकडे असेल हे दुसरेच कुणी ठरवते.

दुसरा धागा बँकेचा. दिवाण असताना त्यांच्याच पुढाकाराने 1913 साली बँक ऑफ म्हैसूर निघाली, ती पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली. 1 एप्रिल 2017 रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आमच्या मराठवाड्याच्या ओळखीची स्टेट बँक ऑफ हैदराबादही त्याच दिवशी. जुन्या पाट्या उतरल्या त्या रात्री माझ्या काही मित्रांनी एकमेकांना फोन करून नुसते उसासे टाकले.

अशा घरांत एक अडचण असते. तेथे माणसाची पूजा होते, माणूस कळत नाही. गावातील पुष्कळ जण या जागेला देवळासारखे मानतात. मानोत. पण विश्वेश्वरय्यांची दुसरी बाजूही इतिहासात नोंदलेली आहे. म्हैसूरच्या महाराजांनी 1918 साली ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत वाटा देण्यासाठी मिलर समिती नेमली. दिवाणांना ते मान्य नव्हते, गुणवत्तेला धक्का बसेल असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याच मतभेदातून ते दिवाणपदावरून दूर झाले. कालव्याच्या तोंडाशी बसलेल्याने सगळे पाणी पिऊ नये हे ज्याला वीस वर्षे आधी कळले होते, त्याला नोकऱ्यांच्या कालव्याचे तोंड आणि शेपूट दिसले नाही. मला यात त्यांचा उपमर्द वाटत नाही. पाण्याच्या बाबतीत ते इंजिनियर होते, नोकऱ्यांच्या बाबतीत आपल्यासारखेच.

आम्ही समाधीपाशी गेलो. शाळेची मुले आता मोकळी सुटली होती, हिरवळीवर पळत होती. एक मुलगा धरणाच्या प्रतिकृतीबद्दल बाईंना काही विचारत होता. कन्नड असल्याने मला कळले नाही, बाईंनाही उत्तर येत नसावे, कारण त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला रांगेकडे वळवले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेहुणा. मांजराकाठी त्याची सहा एकर जमीन आहे. ते सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते. मराठवाड्यात काय झाले ते वाचकांनी पाहिलेच आहे. जेथे नऊ वर्षांपूर्वी गाडीने पाणी आणले तेथे घरात पाणी शिरले. धरणाचे दरवाजे उघडले होते.

"दाजी, कुठं आहात?"

मी सांगितले, धरण बांधणाऱ्या एका मोठ्या माणसाच्या घरी.

"मग विचारा की त्यांना," तो म्हणाला, "दार उघडायच्या आधी खालच्याला सांगायची काही सोय केली होती का. आम्हाला मोबाइलवर निरोप आला, तवा पाणी बांधावर होतं."

मी म्हटले, ते आता नाहीत. आणि त्यांचे दरवाजे तर आपोआप उघडायचे, त्यात कुणी कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. बोलून झाल्यावर माझे मलाच हे उत्तर विचित्र वाटले. खडकवासल्याच्या त्या दरवाज्यांना धरणाची काळजी होती. खालच्या माणसाची काळजी हे त्या यंत्राचे काम नव्हते, ते माणसांचे काम होते. आज दरवाज्यांना मोटार आहे, नियंत्रण कक्ष आहे, हवामानाचा अंदाज आहे, प्रत्येक घरात फोन आहे. तरी निरोप पाण्याच्या मागून येतो.

"सोयाबीन?" मी विचारले.

"गेलं. काढणीला आलं होतं. चार एकर सगळं पाण्यात. शेंगेला मोड येतील आता."

"आणि राहिलेलं?"

"दोन एकर ऊस हाय ना. त्याला काय होतंय? कमरेएवढ्या पाण्यात उभा हाय." थोडा वेळ तो काही बोलला नाही. मागे पंपाचा की बोटीचा आवाज येत होता. "दाजी, एक विचारायचं होतं. पुढच्या साली सगळाच ऊस लावावा म्हणतोय. पाऊस नाही आला तर बोअर हाय, जास्त आला तरी मरत नाही, कारखाना बिलातून कापून घेतो, बँक दारात उभी राहत नाही. सोयाबीनला काय हाय सांगा. तुमच्या ओळखीचं कुणी साहेब हाय का अजून तिथं, कर्जाचं बघायला?"

जावई गाडी वळवून फाटकाशी उभा होता. मी मेहुण्याला म्हटले, घरी आलो की बोलू. तो म्हणाला, "या. पण लातूर रोडवरून येताना आधी फोन करा. रस्ता चालू हाय का बघून सांगतो."